सुलोचनाक्कांचे रुमाल

सई, लोणच्याच्या बरणीवर बांधलेलं पिवळं फडकं तू धुऊन, घडी घालून ठेवलंस आणि "आजी, हे कुठलं?" म्हणून विचारलंस, ते बरं केलंस. मिहिर, तुझ्या हाती लागतं तर तू ते केव्हाच कचऱ्यात टाकलं असतंस. ते फडकं सुलोचनाक्कांचं आहे. फोनवर सांगायला बसले की तुमची शाळेची बस येते, नाहीतर आमच्याकडची लाईट जाते. म्हणून सावकाश लिहून पाठवते आहे. आईकडून वाचून घ्या, पण शेवटपर्यंत वाचून घ्या.

आक्का निपाणीत आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. मी बेळगावची. लग्न होऊन इकडे आले आणि मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. आक्का सरकारी प्राथमिक शाळेत कानडी शिकवत. घराणं जैन, तंबाखूचे जुने व्यापारी. नवरा लवकर गेला तेव्हा त्या माहेरी परत आल्या आणि भावाच्या वखारीला लागून असलेल्या खोलीत राहू लागल्या. एवढं चरित्र पुरे. त्यांना स्वतःला तेवढंही आवडलं नसतं. "माझं काय घेऊन बसलाय टीचर, कागदाचं बोला," म्हणाल्या असत्या.

कागद म्हणजे कुठलेही कागद. गावात कुणाचं जुनं घर पाडायला काढलं, की पहिल्या दिवशी गवंडी यायचा आणि त्याच्या मागोमाग आक्का. अंगाला गवतासारख्या बारीक, पांढरी सुती साडी, खांद्याला गोणपाटाची पिशवी. दिवाळीच्या साफसफाईत तर घरोघरी फेरी. "जाळायच्या आधी मला दावा" हे वाक्य दारातूनच आत यायचं, त्या मागून यायच्या. माळ्यावरची गाठोडी, देवळीतली भेंडोळी, ट्रंकेच्या तळाला अंथरलेली जाहिरात, काहीही. मोडीतले अर्ज, कानडीतल्या नोटिसा, लग्नपत्रिका, नाटक कंपनीच्या हस्तपत्रिका, सीमेच्या आंदोलनाची पत्रकं, तीसुद्धा दोन्ही बाजूंची. हातात घेऊन वाचायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "इरली." कानडीत याचा अर्थ 'असू दे'. इरली म्हटलं की तो कागद पिशवीत गेला.

गावात त्यांना रद्दीआक्का म्हणत. खऱ्या रद्दीवाल्याचा त्यांच्यावर राग होता. एकदा आमच्याच दारात दोघांची गाठ पडली.

"आक्का, तुमी माझ्या पोटावर पाय देताय बगा."

"तू वजन करून घेतोस रं. मी वाचून घेते. तुझं काम लौकर हुतंय, तू म्होरल्या घरात जा."

"वाचून काय मिळतंय?"

"तुला वजन करून तरी काय मिळतंय? तसाच हाईस की गेली वीस वर्षं."

तुमचे आजोबा हसून बेजार झाले. पण त्यांनीही विचारलं, "आक्का, यात ठेवण्यासारखं खरंच काय असतं?" त्यावर आक्का गंभीर झाल्या. "ठेवण्यासारखं हाय का न्हाय ते आपण ठरवायचं न्हाय, सर. आपण कोण? आज हाय, उद्या न्हाय. ज्याला पायजे तो अजून जन्मला नसंल."

हे सगळं त्या वखारीच्या एका कोपऱ्यातल्या खोलीत ठेवत. जुन्या कचेऱ्यांत असायची तशीच पद्धत होती: कागद एकावर एक रचायचे, चौकोनी कापडात गुंडाळायचे आणि वर गाठ मारायची. या गाठोड्याला रुमाल म्हणतात. फळ्यांवर ओळीनं पिवळे रुमाल आणि प्रत्येकावर घराचं नाव. मला, तुम्ही ओळखताच, मसाल्याच्या डब्यांनाही चिठ्ठ्या लावल्याशिवाय चैन पडत नाही. निवृत्त झाल्यावर मी म्हटलं, आक्का, मी मदत करते. आपण विषय पाडू, भाषा वेगळ्या करू, सालवार लावू.

"न्हाय टीचर. ज्या घरचं त्या घरात. माणसं जशी राहिली तसं कागद राहू देत."

"पण या व्यापाऱ्याच्या रुमालात हे म्हैस हरवल्याचं पत्रक कशाला?"

"म्हैस त्याच्या घरात निघाली न्हवं? मग तिथंच बांधायची."

मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पर्समध्ये परत ठेवला आणि धूळ झाडायला बसले. त्यानंतर आठवड्यातल्या बऱ्याच दुपारी आमच्या तिथेच गेल्या.

जैनांमध्ये श्रुतपंचमी म्हणून एक दिवस असतो. ज्येष्ठात येतो. त्या दिवशी बस्तीतले, म्हणजे त्यांच्या मंदिरातले, जुने ग्रंथ बाहेर काढतात, पुसतात, नव्या कापडात बांधतात आणि पूजा करतात. आक्का तोच मान आपल्या रुमालांनाही देत. ग्रंथांच्या शेजारी त्यांना म्हशीचं पत्रक चालायचं. आदल्या दिवशी पिवळ्या कापडाचा तागा आणायचा, कात्री न लावता दोऱ्यावर सरळ फाडायचा, आणि सकाळपासून आम्ही दोघी रुमाल सोडून वारा देत बसायचो. जुनी फडकी आक्का धुऊन आम्हा बायकांना वाटत. तुझ्या बरणीवरचं त्यातलंच.

दोनदा मोठ्या संस्थांची माणसं आली होती. आधी बेंगळूरकडचे एक गृहस्थ आले. भले होते. त्यांनी रुमाल बघितले, डोळ्यांत चमक आली, म्हणाले, कानडी कागद आम्ही आनंदानं नेऊ, थंड खोलीत ठेवू, हातही लागू देणार नाही. आक्कांनी विचारलं, "आणि मराठी?" ते ओशाळले. त्यांच्या संस्थेचा तो विषय नव्हता. पुढं वर्षभरानं पुण्याकडचे एकजण आले. त्यांना मोडी आणि मराठी हवं होतं. कानडी वाचणारं त्यांच्याकडे कुणी नव्हतं.

आक्कांनी दोघांनाही एकच कागद दाखवला. पुढच्या बाजूला मराठीत बंदची हाक. पाठीमागे कुणा बाईनं कानडीत लिहिलेली बारशाची तयारी: गूळ, पोहे, पाळण्याची दोरी कुणाकडून आणायची.

"कुठनं फाडू सांगा," आक्का म्हणाल्या.

पुण्याचे गृहस्थ हसले. आक्का हसल्या नाहीत. त्यांची काळजी खरी होती. खोलीच्या भिंतीला ओल होती, त्यांचे गुडघे गेले होते, आणि वखार सांभाळणारा भावाचा मुलगा भरतेश अधूनमधून म्हणायचा, "आत्ती, तंबाखूचा धंदा बसत चाललाय. ह्या जागेवर हॉल बांधला तर लग्नं तरी हुतील." कागद टिकायचे तर कुणाच्या तरी हाती सोपवायला हवे होते, आणि सोपवायचे तर फोडायला हवे होते. कानडी खाली जाणार, मराठी वर जाणार, आणि ते घर कुठंच राहणार नाही. आक्का म्हणायच्या, "आमच्या घरात मी आईसंगं कानडी बोलले, वखारीत मराठी. मला कुठं पाठवणार, अर्धी इकडं, अर्धी तिकडं?"

मिहिर, तेव्हा तू सुचवलं होतंस की फोननं सगळ्याचे फोटो काढा. मी उत्साहानं सुरुवात केली. उन्हाळाभर काढले. मग तो फोन एका दिवशी काळा पडला तो पडलाच. दुकानदारानं दोन्ही हात वर केले. आक्कांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही. एवढंच विचारलं, "म्हंजे फोन कागदाच्या आधी मरतोय व्हय?"

पण खरं संकट त्या पुण्याच्या गृहस्थांनीच दाखवलं. निघता निघता त्यांनी एक बांधीव पुस्तक उचललं, टेबलावर हलकेच आपटलं. पानांतून पिठासारखा भुसा पडला. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही यात तंबाखू ठेवता का?"

ठेवत होतो तर. आमच्या गावात कोण ठेवत नाही? ट्रंकेत लोकरीचे कपडे ठेवताना घडीत तंबाखूचं पान घालायचं, हे निपाणीत लहान पोरीलाही माहीत असतं. वासानं किडा जवळ फिरकत नाही. आक्कांना तर ही रीत दुहेरी प्रिय होती. डांबराच्या गोळ्या, फवारे, असलं औषध त्यांना चालत नसे. त्यानं जीव मरतो. तंबाखूच्या वासानं तो नुसता दूर जातो, अशी त्यांची समजूत. म्हणून दर श्रुतपंचमीला प्रत्येक रुमालात ताजं, वखारीतलं, चांगल्या प्रतीचं पान. इतकी वर्षं.

"तंबाखूतच एक किडा असतो," ते गृहस्थ म्हणाले. "तपकिरी, तिळाएवढा. त्याला बांधणीची खळ फार आवडते. तंबाखूतून निघतो आणि पुस्तकात शिरतो."

भरतेश दारात उभा होता. तो पटकन बोलून गेला, "आपल्या वखारीतलाच पाव्हणा की, आत्ती!" आणि आत्तीचं तोंड बघून त्यानं जीभ चावली.

त्या आठवड्यात आम्ही सगळे रुमाल सोडले. काही कागद ठीक होते. काही बाहेरून अखंड, आतून चाळणी. नाटकाच्या जाहिरातींची एक वही हातात घेतली तर पुठ्ठा हातात राहिला आणि पानं खाली सांडली. आक्का प्रत्येक पान उजेडाकडे धरत. भोकांतून उन्हाचे ठिपके त्यांच्या गालावर पडत. त्यांनी एक मऊ कुंचला आणला होता. दिसेल तो किडा कुंचल्यानं अलगद ताटलीत घ्यायचा, ताटली बाहेर नेऊन तंबाखूच्या चुऱ्यात सोडायची, परत यायचं. मी म्हटलं, "आक्का, तो परत येणार."

"ठाऊक हाय."

"मग?"

"मग काय? पुन्ना नेणार."

भरतेशनं सरळ मार्ग सांगितला. त्याच्या तंबाखूला दर वर्षी कीड लागू नये म्हणून माणसं बोलावून, थप्पीवर ताडपत्री टाकून आत विषारी टिकड्या ठेवतात. त्यातून वायू निघतो, आतलं सगळं मरतं. त्या दिवशी आक्का न बोलता उपास करायच्या; घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. भरतेश म्हणाला, "माझी तंबाखू वाचतीया आणि तुझे कागद खाल्ले जात्यात. एकाच छपराखाली गं! खोली बंद करतो, टिकड्या टाकतो, झालं."

"तू तुझ्या मालासाठी करतोस. ते तुझ्या खात्यावर. हे माझ्या जाईल."

"तुझ्या कशाला? मी टाकतो की."

"टाकणारा तू. पण कुणापायी?"

मीही भरतेशच्या बाजूनं बोलले. शांतपणे, मुद्दे मांडून. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "टीचर, तुमचं बरोबर हाय. पण तुमी घरात मुंगी मारता तवा तुमाला झोप येती. मला येत न्हाय. ह्यात बरोबर-चूक काय न्हाय."

चातुर्मास होता. बोरगावला एक जैन मुनिमहाराज आले होते. आक्का म्हणाल्या, त्यांना विचारून येते. सकाळच्या बसनं गेल्या, दुपारी परत आल्या. मी धावतच गेले.

"काय म्हणाले महाराज?"

"इचारलंच न्हाय."

"अहो, मग गेलात कशाला?"

"इचारलं असतं तर ते न्हाय म्हणाले असते. मग माझी वाटच बंद. दर्शन घेतलं, प्रवचन ऐकलं आणि आले." त्या हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "म्हंजे बगा, जायच्या आधीच माझं ठरलंतं. चोरावाणी गेलते आणि चोरावाणी आले."

टिकड्या टाकल्या. खोली ताडपत्रीनं बंद केली, दाराच्या फटींना चिकटपट्ट्या. आक्का त्या दिवसांत आमच्या घरी राहिल्या आणि पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तुमच्या आजोबांनी डॉक्टरांना बोलवायचं नाव काढलं तेव्हा आक्कांनी अशा नजरेनं बघितलं, की ते पेपर घेऊन गच्चीवर गेले.

दार उघडून वारं खेळल्यावर भरतेशनं खोली झाडून घेतली. आक्का बाहेर ओट्यावर बसल्या होत्या.

"किती निघालं?"

"थोडंच गं आत्ती. चिमूटभर."

"खोटं बोलू नगं. सूप आण."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, तेव्हा त्यानं सूप आणलं. चिमूटभर नव्हतं. तपकिरी, वाळक्या राळ्यासारखे, सुपाचा तळ झाकेल इतके. आक्कांनी स्वतः उठून परसातल्या केळीच्या बुडाशी माती उकरून ते सगळं पुरलं. हात धुतले आणि आमच्या दोघांसमोर नियम घेतला. त्यांच्यात अशी पद्धत आहे. काही चूक घडली की आवडीची एक गोष्ट सोडायची. कुणी साखर सोडतं, कुणी एक वेळचं जेवण. आक्का म्हणाल्या, "ह्या खोलीचा उंबरा मी वलांडणार न्हाय. ह्यातल्या कागदाला हात लावणार न्हाय. ज्याच्यापायी मारलं, त्याचं सुख मी घ्यायचं न्हाय."

भरतेश रडकुंडीला आला. "आत्ती, मग वाचवलं कुणासाठी?"

"माझ्यासाठी वाचवलं असतं तर पाप जास्त झालं असतं रं."

त्यांनी तो नियम पाळला. मला आधी वाटलं होतं, महिनाभरात ढिला पडेल. मी आत बसून कागद पुसायची आणि त्या ओट्यावरून सांगायच्या: डावीकडच्या फळीवर बगा, गाठ सैल असंल. कधी कधी त्यांचा हात आपोआप पुढं यायचा आणि मग त्या तो मांडीखाली दाबून बसायच्या, वर्गात बोट वर करायला मनाई केलेल्या मुलीसारख्या. बघवत नसे. मी एकदा म्हटलं, "आक्का, मी एक कागद बाहेर आणते, नुसता बघा." त्या म्हणाल्या, "आणा. मग मी उठून घरात जाते."

गेल्या वर्षी आक्का गेल्या. त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे त्यांनी अन्न कमी करत आणलं होतं, तक्रार काही नव्हती. आता रुमाल तिथेच आहेत, सगळे, न फोडलेले. दोन्ही संस्थांची पत्रं अजून येतात, आपापला अर्धा मागणारी. भरतेश हॉलचा नकाशा घेऊन येतो, माझ्यासमोर उलगडतो आणि गुंडाळून परत नेतो. "आत्ती असती तर" एवढंच म्हणतो. मला सत्तरी उलटून गेली आहे. खोलीला ओल आहेच. मी बेळगावला, चिकोडीला ओळखीच्यांना विचारून पाहिलं. कुणाला जागा नाही, कुणाला दोन भाषा नकोत. तुम्हाला वाटेल आजीकडे नेहमी उत्तर असतं. याला नाही.

आक्कांना शेवटचं नीट पाहिलं ते त्यांच्या शेवटच्या श्रुतपंचमीला. ओट्यावर पाट टाकून त्या उंबऱ्याबाहेर बसल्या होत्या, मांडीवर पिवळा तागा. कापड दोऱ्यावर फाडत होत्या आणि मी आतून हात केला की तुकडा पुढं करत होत्या. त्यांचा हात उंबऱ्याबाहेरच थांबायचा. तेवढ्यासाठी मला उठावं लागायचं.

"आता कुठलं घर हाय?"

मी नाव सांगितलं. त्या व्यापाऱ्याचं.

"म्हैस हाय न्हवं आत?"

मी शोधलं. पत्रक होतं, कडा खाल्लेल्या, पण म्हैस शाबूत. मोठ्यानं वाचून दाखवलं. रंग काळा, उजवं शिंग खाली वळलेलं, सापडल्यास कृपा करून कळवावे. आक्का डोळे मिटून ऐकत होत्या.

तेवढ्यात त्या पत्रकाच्या घडीतून एक किडा बाहेर आला. तपकिरी, तिळाएवढा. जिवंत. कागदाच्या कडेला येऊन थांबला.

माझं वाचणं थांबलं तसे आक्कांनी डोळे उघडले. त्यांना सगळं कळलं. मी चिठ्ठीच्या कोऱ्या तुकड्यावर किडा घेतला आणि उंबऱ्यापाशी नेला. त्यांनी तळहात पुढं केला. किडा त्यांच्या हाताच्या रेषांवरून चालू लागला. त्या त्याच्याकडे बघत होत्या. इतक्या दिवसांत तसा चेहरा मी पाहिला नव्हता. ओठांवर हसू येत होतं.

"वाचला म्हणायचा ह्यो," त्या म्हणाल्या.

मग वाकून त्यांनी त्याला ओट्याखालच्या तंबाखूच्या चुऱ्यात सोडलं. सरळ व्हायला वेळ लागला. झाल्यावर माझ्याकडे न बघता, आतल्या फळ्यांकडे बघत विचारलं,

"एकटाच हाय न्हवं, टीचर?"

"एकटाच दिसतोय, आक्का."

"नीट बगा," त्या म्हणाल्या, आणि पिवळ्या कापडाचा पुढचा तुकडा फाडून उंबऱ्यापर्यंत हात लांबवून बसल्या.